चंदरच्या जीपचे वारस

विठाबाईच्या दुकानाला चार चाकं होती, पण ते दुकान कधी कुठे गेलं नाही. बदलापूरच्या शिरगावात नव्या इमारतींकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर तिच्या बापाची, म्हणजे चंदरची, जुनी जीप उभी होती आणि त्या जीपमध्ये विठाबाईची भाजी मांडलेली असे. मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाकडी. एका बाकड्यावर मेथी, माठ, चवळी, दिवस असतील तसा टाकळा नाहीतर शेवळं. दुसऱ्या बाकड्यावर विठाबाई. टपाच्या लोखंडी दांडीला तराजू टांगलेला. वर ताडपत्री, त्यामुळे ऊन नाही आणि पाऊसही बेताचाच.

अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की रस्त्यावरच्या बाकीच्या भाजीवाल्या टोपल्या उचलून गल्लीत पळायच्या. विठाबाई जागची हलत नसे. एकदा एका नव्या माणसाने तिला दटावलं.

"बाई, उठा. रस्त्यावर धंदा करायला बंदी आहे."

"मी रस्त्यावर कुठं बसलेय? मी गाडीत बसलेय."

"गाडी कुठे चाललीय?"

"ड्रायव्हर आला की निघंल."

ड्रायव्हर म्हणजे चंदर, आणि तो वारल्याला बरीच वर्षं झाली होती. पण हे त्या माणसाला कोण सांगणार? तो बिचारा थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

चंदरची जीप एके काळी या भागात मोठी मानाची होती. कुणाची सून बाळंतपणाला अडली की ती जीपमधून उल्हासनगरच्या इस्पितळात जायची आणि कुणाची नवरी सासरी निघाली की तीही जीपमधूनच. म्हातारा गेला तशी जीप बसली. धाकट्या मुलाने, सदूने, इंजिन दुरुस्तीला म्हणून उल्हासनगरला नेलं, ते काही परत आलं नाही. त्या इंजिनाची गोष्ट निघाली की सदूला काहीतरी तातडीचं काम आठवायचं.

जीप तेव्हा घराच्या आवाराच्या कडेला उभी होती. मग रस्ता रुंद झाला. डांबरवाले आले, त्यांनी जीपच्या चाकांपर्यंत डांबर ओतलं, चाकांभोवती नीट वळसा घातला आणि पुढे गेले. म्हणजे जीप काही रस्त्यात आली नव्हती, रस्ताच जीपखाली आला होता. तिच्या पाठीमागे तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत भगवंत आणि सदू या दोन्ही भावांची सामाईक जमीन. ती आता एका बिल्डरला द्यायचं चाललं होतं.

त्या जमिनीत विठाबाईचं काही नव्हतं. बाप गेल्यावर भावांनी तिला तहसील कचेरीत नेलं होतं आणि तिने हक्कसोड करून दिली होती. आपल्याकडे बहिणी देतात तशीच. भावांनी साडी नेसवली, खणानारळाने ओटी भरली, पुरणपोळीचं जेवण घातलं. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून विठाबाईने सही केली. दार उघडं राहिलंही, फक्त आतून कुणी फारसं हाक मारत नसे. पुढे मोरिवलीला कारखान्यात असलेला नवरा वारला, तेव्हा ती शिरगावात भाड्याच्या खोलीत येऊन राहिली आणि बापाच्या जीपमध्ये भाजी घेऊन बसली. भाऊ नको म्हणाले नाहीत, बस असंही म्हणाले नाहीत.

असं सगळं ठीक चाललेलं असताना एका सकाळी विठाबाई पाटी घेऊन आली, तर जीपच्या पुढच्या काचेवर नगरपालिकेचा कागद चिकटवलेला. विठाबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवून वरचा ठळक शब्द वाचला. बे, वा, र, स.

हा शब्द तिला दोन ठिकाणांहून माहीत होता. एक स्टेशनवरचा भोंगा, बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून ओरडतो तो. आणि दुसरं इस्पितळ, जिथे ज्याचं कुणीच नाही अशा मेलेल्या माणसाला तसं म्हणतात. आता तिसरी जागा म्हणजे बापाची जीप. तिच्या कपाळावर आठी उमटली.

तेवढ्यात समोरच्या सोसायटीतले चिंतामणी साहेब फिरून परत येताना दिसले. साहेब अंबरनाथच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी पांढरे बूट घालून फिरायचे आणि परतताना विठाबाईकडून मेथीची जुडी घ्यायचे.

"साहेब, काय चिकटवलंय हे? वाचा जरा."

साहेबांनी न वाचताच सांगितलं. "नोटीस आहे. रस्त्यावर बंद पडलेल्या बेवारस गाड्या नगरपालिका उचलते. कुणी वारस असेल तर त्याने सात दिवसांत हक्क सांगावा आणि गाडी हलवावी. नाहीतर ती जप्त होईल आणि लिलावात जाईल. जसे आहे तसे, जेथे आहे तेथे."

"तुमाला बरं पाठ हाय."

साहेब मेथीची पानं निरखू लागले. "आपलं माहीत असावं माणसाला."

"पण बेवारस कुणी म्हटलं हिला?"

"कुणीतरी तक्रार केली असेल. हल्ली मोबाइलवरून करता येते. फोटो काढायचा आणि पाठवायचा."

"फोटो कुणी काढला?"

साहेबांनी चष्मा पुसला. "हे बघा विठाबाई, आमच्या गाडीला इथे वळायला जागा पुरत नाही. आमच्या हिने, वृंदाने, दोनदा खांबाला घासली. मी तक्रार गाडीची केली, तुमची नाही केली."

"मग मी दिसले नाय का फोटोत?"

"नाही. मी कोन बघून काढला."

"बरं केलंत. आता मेथीपण कोन बघून न्या. ह्या कोनातून ताजी दिसतेय."

साहेबांनी जुडी घेतली, पैसे ठेवले आणि नेहमीपेक्षा जरा घाईने गेट गाठलं. घरी गेल्यावर जुडीच्या पोटात पिवळी पानं निघाली, पण त्या दिवशी त्यांनी वृंदाताईंकडे तक्रार केली नाही.

विठाबाईने दुपारी भाजी झाकून ठेवली आणि नगरपालिका गाठली. तिथे रस्त्यावरच्या गाड्यांचं काम राजरत्न नावाच्या निरीक्षकाकडे होतं. माणूस तरुण, डोक्यावर फायलींचा भार, पण बोलायला बरा.

"मावशी, गाडी चालू आहे का?"

"चालू असती तर मी चालत कशाला आले असते?"

राजरत्न हसला. "मग ती खाजगी जागेत हलवावी लागेल. रस्त्यावर ठेवता येणार नाही."

"आणि नाय हलवली तर?"

"तर क्रेन येणार. आमच्याकडे सेटिंग-बिटिंग नाही, आधीच सांगतो. बरं, गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"बापाच्या. तो नाय आता. आमी तिघं. मी आणि दोन भाऊ."

"मग भावांकडून लिहून आणा की गाडी तुम्हाला द्यायला त्यांची हरकत नाही. शेवटच्या दिवशी मी पंचनाम्याला येतो. तेव्हा कागद तयार पाहिजे आणि जागाही तयार पाहिजे."

विठाबाई परत निघाली ती हिशोब करतच. जीप गेली तर पुन्हा रस्त्यावर गोणपाट. अतिक्रमणवाले आले की टोपली उचलून पळायचं. आणि तिचे गुडघे तर आता देवळाच्या पायऱ्याही एकेक विचार करून चढत होते. कागद भाऊ देतील एखादे वेळी. पण जागा? जीप उभी करण्याएवढी खाजगी जागा तिच्या नावाने या जगात कुठेच नव्हती. होती ती तिने साडी घेऊन देऊन टाकली होती.

इकडे नोटिशीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला, तिथून दूधवाल्याकडे, दूधवाल्याकडून सगळ्या गावात. आणि एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाता जाता त्यातलं 'बे' कुठेतरी गळून पडलं. उरलं ते एवढंच, की नगरपालिकेने चंदरच्या जीपचे वारस मागवलेत.

आता बदलापूरच्या आसपास 'वारस' हा शब्द कुणी साधा समजत नाही. शेतांमधून मोठा रस्ता गेल्यापासून वारस मागवले म्हणजे पुढचा शब्द मोबदला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ज्या माणसाने दहा वर्षांत चुलत्याचं तोंड पाहिलं नाही तो वारस म्हटल्यावर पहाटे कचेरीच्या दारात उभा राहतो. जीपचा कसला मोबदला, असं कुणी विचारलं नाही. रस्ता जीपखाली आलाय ना, मग रस्त्याखाली गेलेल्याला मोबदला मिळतोच, असा हिशोब भगवंताने केला. हिशोबात तो पक्का होता.

सातव्या दिवशी विठाबाई भाजी मांडत होती, तोच हेंद्रेपाड्याहून थोरला भगवंत रिक्षातून उतरला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, काखेत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत बापाचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सातबारा, सगळ्यांच्या झेरॉक्स. तो पाठ टेकतोय तोवर पलीकडच्या घरातून सदू आला. त्याचेही कपडे पांढरे. त्याच्याही हातात पिशवी.

"तू कुठं निघालास?" भगवंताने विचारलं.

"इथंच. तू?"

"मीपण इथंच. बहिणीला भेटायला."

"रिकाम्या हाताने नाय आलास, बरं वाटलं," विठाबाई पिशवीकडे बघून म्हणाली. गेले चार दिवस ती दोघांकडे निरोप पाठवत होती, तेव्हा एक लग्नाला गेला होता आणि दुसऱ्याचं पोट बिघडलं होतं.

एवढ्यात मोरिवलीहून जनाबाई आत्यापण आली. चंदरची सख्खी बहीण, कंबरेत वाकलेली, जीभ मात्र ताठ. तिला कुणी बोलावलं हे कुणालाच कळलं नाही. ती सरळ जीपमध्ये चढली आणि मेथी बाजूला सारून बसली.

"आत्या, तू कशाला एवढ्या लांब?" सदू म्हणाला.

"वारस मागवलेत ना? ह्या जीपमध्ये पहिली उलटी माझी. त्याच्या आधीचा कुणाचा हक्क असंल तर दाखवा."

मग दोघा भावांची जुंपली. भगवंत म्हणाला, मी थोरला, बाप मला शेजारी बसवून जीप चालवायचा. सदू म्हणाला, बसायचास तू, धुवायचो मी. भगवंत म्हणाला, टायर मी घातले. सदू म्हणाला, म्हणूनच चारही बसलेत. विठाबाई तोंड उघडायला गेली की दोघंही तिला म्हणत, थांब गं विठे, हे वारसाचं काम आहे.

तेवढ्यात राजरत्न आला. बरोबर एक मुकादम. गेटमधून चिंतामणी साहेबही बाहेर आले. आपल्याच तक्रारीचा निकाल बघायचा मोह माणसाला होतोच. राजरत्नाने फाइल उघडली आणि पंचनामा सुरू केला. वाहन जीप. रंग पूर्वी हिरवा असावा. त्याने मुकादमाला बॉनेट उघडायला सांगितलं. बॉनेट वर गेलं. आत दोन लाल भोपळे आणि कांद्यांची गोण.

"इंजिन?" राजरत्नाने विचारलं.

सगळ्यांनी सदूकडे पाहिलं. सदूने आकाशाकडे पाहिलं.

"तिथं थंडावा असतो," विठाबाई म्हणाली. "कांदा सडत नाय."

राजरत्नाने काहीतरी लिहिलं. "बरं, वारस कोण?"

"मी," भगवंत म्हणाला.

"मीपण," सदू म्हणाला.

"आणि माझी उलटी," जनाबाई म्हणाली.

"छान. तुमच्यासारखे पुढे येऊन सांगणारे वारस पहिल्यांदाच बघतोय. लोक पळून जातात." राजरत्नाने पेन सरसावलं. "मग नाव लिहितो. जो वारस त्याने आज संध्याकाळपर्यंत गाडी आपल्या खाजगी जागेत हलवायची. नाहीतर उद्या क्रेन. क्रेनचा खर्च त्याच्यावर. इतकी वर्षं रस्ता अडवला त्याचा दंडही त्याच्यावर. तर कोणाचं नाव लिहू?"

सदूने पुढे टाकलेला पाय मागे घेतला.

"मोबदला?" भगवंताने बारीक आवाजात विचारलं.

"कसला मोबदला?"

भगवंताने पिशवी हळूच पाठीमागे घेतली. "साहेब, तसा मी थोरला, पण बापाचा लाडका सदू. जीप त्यालाच द्यायची इच्छा होती बापाची."

"छे," सदू म्हणाला. "थोरल्याचा मान थोरल्याला. मी आपला धाकटा."

"तुझ्या घराला लागून आहे."

"तुझ्या सोसायटीत पार्किंग आहे."

"माझी उलटी होती की नव्हती, आता मला आठवत नाय," जनाबाईने जाहीर केलं आणि मेथीची दोन पानं चघळायला घेतली.

दोघे भाऊ दोन बाजूंनी मागे सरकत सरकत मध्ये विठाबाईला आदळले. तेव्हा त्यांना बहीण दिसली. आणि एकदा दिसली म्हटल्यावर दोघांनाही एकदम भरून आलं.

"विठा," भगवंत म्हणाला. "अरे, खरी वारस तर आपली विठा. बापाची सेवा केली तिने."

"मुलीचापण हक्क असतो," सदू म्हणाला. "कायदाच आहे."

"हा कायदा तुला कवा कळला?" विठाबाईने विचारलं.

"आत्ताच," जनाबाई म्हणाली.

"आम्ही हक्कसोड लिहून देतो," भगवंत म्हणाला. "आत्ता, इथल्या इथं. साहेब, कागद आहे का?"

चिंतामणी साहेब घरात जाऊन कोरे कागद आणि शाईचं पेन घेऊन आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. ते जीपच्या बाकड्यावर बसले आणि भगवंत सांगू लागला. आता भगवंताचं असं, की तो सगळ्या भावकीत कागदातला माणूस म्हणून ओळखला जाई. आयुष्य त्याचं रजिस्टर कचेरीच्या आवारात गेलेलं. पण त्याने आजवर लिहिले आणि लिहवले ते सगळे कागद जमिनीचे. दुसरा कागद त्याला येतच नव्हता. गाडी असो की म्हैस, त्याच्या तोंडातून जमीनच बाहेर पडायची.

"लिहा," तो डोळे मिटून म्हणाला. "कारणे हक्कसोडपत्र लिहून देतो ऐसाजे. आमचे वडिलांच्या मालकी वहिवाटीची जीप. तिची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस नगरपालिकेचा रस्ता. पश्चिमेस लिहून देणार यांची सामाईक जमीन. दक्षिणेस सोसायटीचे गेट. उत्तरेस विजेचा खांब."

"उत्तम," साहेब म्हणाले आणि सुंदर अक्षरात लिहीत गेले.

"येणेप्रमाणे चतुःसीमेच्या आतील सदर जीप, त्यातील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह..."

"जीपमध्ये जल कुठलं रे?" जनाबाईने विचारलं.

"पावसात गळतं ते," सदू म्हणाला.

"...तसेच जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कासह, आमची बहीण विठा हिला कायमची दिली असे. यास आमचे वंशज वा वारस यांनी कधीही हरकत घेऊ नये."

भगवंताने डोळे उघडले. असा कागद झाला की त्याला जेवल्यासारखं वाटायचं. दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून साहेबांनी सही केली, जनाबाईने अंगठा उठवला.

"जरा थांबा," विठाबाई म्हणाली. ती समोरच्या दुकानात गेली आणि दोन टॉवेल आणि दोन पांढऱ्या टोप्या घेऊन आली. "मी जमीन सोडली तवा तुमी मला साडी नेसवली होती. आता तुमी सोडताय, तर टॉवेल-टोपी माझ्याकडून. रीत हाय."

रीत म्हटल्यावर भाऊ काय बोलणार? भर रस्त्यात दोघांनी माना वाकवल्या. विठाबाईने कुंकू लावलं, टोप्या घातल्या, टॉवेल खांद्यावर टाकले आणि हातात एकेक काकडी दिली. नारळ महाग झाला होता. येणारे जाणारे थांबून बघू लागले. सदूची टोपी मोठी होती, ती कानांवर टेकली.

"पुरणपोळीचं तेवढं राहिलं," जनाबाई म्हणाली.

"चला," राजरत्न म्हणाला, "विठाबाई मालक. आता मावशी, संध्याकाळपर्यंत गाडी कुठे नेणार ते सांगा."

विठाबाईने जीपच्या पाठीमागच्या कुंपणाकडे बोट केलं. "दादा, जराशी आत घेऊ का? कडेला."

भगवंताने मान हलवली, पण आडवी. "ते नको विठे. बिल्डरची माणसं येतात बघायला. मोकळी जमीन दाखवायचं ठरलंय. तू दुसरीकडे कुठेतरी बघ."

"दुसरीकडे कुठं?"

भगवंत काकडीकडे बघत राहिला. सदूही काकडीकडेच बघत होता. विठाबाई बाकड्यावर बसली. तिने मेथीवर पाणी मारायला घेतलं. काहीतरी करत राहिलं की डोळ्यांकडे लक्ष जात नाही कुणाचं.

राजरत्नाला कागद फाइलला लावायचा होता आणि लावण्याआधी वाचणं भाग होतं. तो उभ्यानेच मोठ्याने वाचू लागला. चतुःसीमेपाशी अडखळला. परत पहिल्यापासून वाचलं.

"भगवंतराव, ही गाडी दिलीत की गुंठा?"

"गाडी. म्हणजे काय?"

"मग पश्चिमेस तुमची जमीन आणि जाण्यायेण्याची वहिवाट, हे कशाला? बघा, पूर्वेला रस्ता, तिथून तर मी उचलणार. उत्तरेला खांब आहे. दक्षिणेला सोसायटीचं गेट, ते साहेब उघडणार नाहीत."

"नाही," साहेब म्हणाले.

"मग वहिवाट उरली पश्चिमेची. ती तुम्हीच दिलीत. कायमची. वंशजांनी हरकत घेऊ नये असंही लिहिलंय. अक्षरही छान आहे." तो हसत हसत म्हणाला आणि पंच मशीन शोधू लागला.

तो थट्टा करत होता, हे साहेबांना कळलं. असल्या साध्या कागदावर जमिनीचं काही ठरत नाही, हे भगवंतालाही एरवी कळलं असतं. पण आयुष्यभर कागदाला भिणाऱ्याला कागदाची थट्टा कळत नाही. त्याला दिसला तो बिल्डरचा वकील. बहिणीचं नाव, चार सीमा, वहिवाट, दोन भावांच्या सह्या, आणि हे सगळं नगरपालिकेच्या फायलीत. त्याचा चेहरा डोक्यावरच्या टोपीच्या रंगाचा झाला.

"साहेब, तो लावू नका. मी दुसरा देतो."

"दुसरा द्यायला मालकीणबाईंची परवानगी पाहिजे," राजरत्न म्हणाला. "कागद त्यांचा आहे."

"विठे," भगवंत म्हणाला.

"काय रे दादा? चांगला लिहिलायस की. मला तर त्या पाषाणापर्यंत सगळा आवडला."

भगवंत तिच्यासमोर बाकड्यावर बसला. जवळून त्याला ती बापासारखी दिसली, की घाबरलेल्या माणसाला कुणीही बापासारखं दिसतं, ते देव जाणे. "विठे, तुला काय पाहिजे ते सांग."

हा प्रश्न तिला माहेरच्या दारातून कधीच कुणी विचारला नव्हता. विठाबाईने पाण्याचा डबा खाली ठेवला.

"जमीन नको मला. दिली ती दिली. जीपएवढी जागा दे, कुंपणाच्या आत. माझे हातपाय चालतात तोवर."

"आणि इमारत उभी राहिली म्हणजे?"

"तवा खाली गाळे काढतीलच ना? एक जीपच्या मापाचा काढायला सांग."

भगवंत हसला. त्याला वाटलं, तीही थट्टाच करतेय. विठाबाई हसली नाही. मग तोही थांबला. त्याने सदूकडे पाहिलं. सदू म्हणाला, "माझी हरकत नाय."

"तुझी कशी असंल?" विठाबाई म्हणाली. "इंजिनाचं मी कधी विचारलं का?"

"नाय ना. म्हणून तर म्हणतो, देऊन टाक दादा. लवकर."

चिंतामणी साहेबांनी दुसरा कागद घेतला. या वेळी भगवंत सांगू लागला तेव्हा विठाबाईने त्याला थांबवलं आणि स्वतः सांगितलं. जीप विठाची आहे. ती भावांच्या कुंपणाच्या आत उभी राहील. इमारत झाली की विठाला खाली एक गाळा मिळेल. एवढंच. साहेबांना ते फार लहान वाटलं, पण त्यांनी लिहिलं. भावांनी सह्या केल्या. मग विठाबाईने राजरत्नाला नवा कागद दिला, त्याच्याकडचा जुना घेतला आणि भगवंताच्या हातात दिला.

"फाड आता."

भगवंताने तो दोन्ही हातांनी धरला, फाडायला गेला, आणि एकदा शेवटचा म्हणून वाचू लागला. वाचता वाचता त्याचा हात सैल पडला. असा कागद रोज होत नाही. त्याने तो नीट घडी करून आतल्या खिशात ठेवला. विठाबाईने ते पाहिलं आणि तराजू काढून ठेवला.

मुकादमाने कुंपणाची तार सोडली. मग भगवंत, सदू, राजरत्न आणि चिंतामणी साहेब जीपला पुढून भिडले. साहेब सगळ्यांत जोराने ढकलत होते, वृंदाताईंच्या वळणाचा प्रश्न होता. विठाबाई स्टिअरिंगला बसली. जनाबाईला उतरायला सांगितलं, तर ती म्हणाली, ह्या जीपमधून मी कधी मध्येच उतरले नाय. बसलेल्या टायरांनी आधी कुरकूर केली, मग एक करकर आवाज झाला, डांबराने आपली पकड सोडली आणि चंदरची जीप पाठमोरी हलली. पाय घासत, भोपळे गडगडवत, वीतवीतभर सरकत ती कुंपणाच्या आत आली. बाहेर रस्त्यावर तिच्या चाकांच्या चार जागा डांबराशिवाय उघड्या राहिल्या, मातीच्या.

"वारस स्वतः ढकलतायत असं पंचनाम्यात लिहू का?" राजरत्नाने धापा टाकत विचारलं.

"टोपीसकट लिहा," जनाबाई आतून म्हणाली.

राजरत्न आणि मुकादम पुढच्या गाडीकडे गेले. साहेब घरी गाडीची किल्ली आणायला गेले. विठाबाईने तराजू पुन्हा टांगला, गडगडलेले भोपळे जागेवर ठेवले आणि भाजी मांडायला घेतली. भगवंताचे पांढरे कपडे आता पांढरे राहिले नव्हते. सवयीप्रमाणे तो कुंपणाशी गेला आणि सुटलेली तार खांबाला परत गुंडाळू लागला.

"दादा," विठाबाई मागून म्हणाली, "तार बांधू नको. गिऱ्हाईक येतंय."

कुंपणाच्या पलीकडे एक बाई पिशवी घेऊन उभी होती आणि आत यावं की नाही हे तिला कळत नव्हतं. भगवंताने एकदा तारेकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग त्याने तार दोन्ही हातांनी वर उचलून धरली. ती बाई वाकून खालून आत आली.